एनसीसी आणि कॉलेज दोन्ही नीट सांभाळायचंय त्यांच्यासाठी

फर्स्ट इयरला एनसीसी घेतली की दोन महिन्यांत घरचे म्हणायला लागतात, परेड की अभ्यास एक काय ते ठरव. माझं म्हणणं, ठरवायचंच नाही, कारण ऑफिसर व्हायचं असेल तर दोन्ही लागतंच. आर्मीच्या एनसीसी स्पेशल एंट्रीला, म्हणजे कॅडेट्ससाठीच्या ऑफिसर भरतीला, सीडीएसची (ऑफिसर भरतीची यूपीएससी परीक्षा) लेखी परीक्षा नसते, शॉर्टलिस्ट झालात की थेट एसएसबी, म्हणजे ऑफिसर निवडीच्या टेस्ट आणि इंटरव्ह्यू, पण त्यासाठी एनसीसीच्या सी सर्टिफिकेटला (सगळ्यात वरचं सर्टिफिकेट) किमान बी ग्रेड आणि डिग्रीला किमान 50 टक्के लागतात. म्हणजे केटी लागत राहिल्या तर परेड ग्राउंडवर गाळलेला घामही वाया जातो.

सगळ्यात जास्त गोंधळ कॅम्पमुळे होतो. दहा दिवसांचा वार्षिक कॅम्प नेमका सबमिशनच्या तोंडावर येतो, म्हणून तारीख कळली त्याच दिवशी एएनओ सरांकडून (कॉलेजमधले एनसीसी सांभाळणारे प्राध्यापक) पत्र घ्या आणि कॅम्पला जायच्या आधी एचओडींना जाऊन भेटा, परत आल्यावर नाही. सेकंड इयरला मी आल्यावर बघू म्हणून निघून गेलो, आल्यावर चार प्रॅक्टिकल राहिलेली आणि तीन रात्री नुसतं जर्नल लिहीत बसलो. आणखी एक, नोट्ससाठी वर्गातला एक तरी मित्र असा धरून ठेवा जो एनसीसीत नाहीये, कारण तुमचे एनसीसीवाले मित्र तुमच्याच तंबूत झोपलेले असतात.

परेडच्या आदल्या रात्रीची तयारी सकाळवर ढकलू नका. बेल्टची पितळ आधी काढून घ्या, नाहीतर ब्रासोने (पितळ चमकवायचं पॉलिश) पट्टा काळा पडतो, फडक्यावर थोडंसं ब्रासो घेऊन चोळा, पांढरट वाळू द्या आणि मग कोरड्या कापडाने घासा. बुटांना पॉलिश थोडं थोडं, किंचित ओल्या कापसाने गोल गोल फिरवत. सुरुवातीला यात तासभर जातो, पुढे पंधरा-वीस मिनिटांत होतं, आणि तेवढ्यात बातम्या ऐकून होतात, चालू घडामोडींचा अभ्यास तसाच होतो. परेड झाल्यावर पहिल्या लेक्चरला झोप येतेच, म्हणून रात्री अकराला मोबाईल बाजूला ठेवा, यावर दुसरा उपाय मला तरी सापडला नाही.

हजेरीचा हिशोब दोन्हीकडचा वहीत लिहून ठेवा. सर्टिफिकेटच्या परीक्षेला बसायला परेडची 75 टक्के हजेरी लागते आणि कॉलेजचं वेगळं असतंच.

आणि कॉलेज लाईफ सोडू नका, हे मी मनापासून सांगतोय. एसएसबीच्या सायकॉलॉजी टेस्टमध्ये एका शब्दाला 15 सेकंद असे 60 शब्द येतात, मग 30 मिनिटांत 60 प्रसंग, तिथे पाठ केलेलं टिकत नाही, जे जगलात तेच कागदावर उतरतं. गॅदरिंगचं स्टेज उभारलं, मित्राला रात्री दवाखान्यात नेलं, टीममध्ये भांडण झालं ते मिटवलं, हे सगळं तिथे कामाला येतं. इंटरव्ह्यूमध्येही मार्क, मित्र, आवडीचे विषय हेच एका दमात विचारतात.

फायनल इयरला एसयूओ (सीनियर अंडर ऑफिसर, कॅडेटची सगळ्यात वरची रँक) व्हायची संधी आली तर जरूर घ्या, पण त्याआधी प्रोजेक्टचा विषय ठरवून गाईडची सही घेऊन टाका, रँक लागल्यावर गाईडला गाठायलाही वेळ मिळत नाही.