पोरगा ‘तसा’ आहे का हे शोधत बसू नका: शाळेत होणाऱ्या या चुका टाळा

आठवीतल्या एका मुलाला मधल्या सुट्टीत पोरं ‘बायल्या’ म्हणायची, त्याचा डबा लपवायची, आणि एकदा तर टॉयलेटमध्ये कोंडून त्याची पँट ओढली. स्टाफरूममध्ये विषय निघाला, चांगली अर्धा तास चर्चा झाली, आणि ती सगळी त्या मुलाच्या चालण्यावर. कंबर हलवतो, आवाज बारीक आहे, सारखा मुलींच्यात बसतो. शेवटी ठरलं काय, तर पीटीच्या सरांनी त्याला जरा ‘मर्दासारखं’ राहायला शिकवायचं. ज्या चौघांनी कोंडलं त्यांची नावं पण कुणी विचारली नाहीत. त्या मिटिंगला मी होते आणि मीही गप्प बसले, म्हणून हे आता लिहितेय.

तर पहिली आणि सगळ्यात कॉमन चूक हीच.

‘आधी तो तसा आहे का ते बघू’

कशाला बघायचं? तो गे आहे, ट्रान्स आहे (म्हणजे जन्मताना मुलगा म्हटलं तरी स्वतःला तसं न मानणारा), का नुसताच नाचायची आवड असलेला मुलगा आहे, हे त्याला स्वतःला पण अजून माहीत नसेल, आणि ते कळल्याशिवाय त्रास थांबवता येत नाही असं काही नाहीये. चिडवणाऱ्या पोरांना कुठे माहीत असतं? त्यांना बारीक आवाज पुरतो. मुलगी असेल तर बारीक केस आणि कबड्डीचं वेड पुरतं. तामिळनाडूत युनेस्कोने याच विषयावर अभ्यास केला, त्याचा रिपोर्ट २०१९ ला आला, त्यात भाग घेतलेल्या गे, ट्रान्स वगैरे तरुणांपैकी बहुतेकांनी शाळेत मार खाल्ला होता, चिडवणं सोसलं होतं, पण शाळेत जाऊन सांगणारे अगदी थोडे. का सांगतील? सांगितलं की चर्चा आपल्याच चालण्यावर होणार हे पोरांना बरोबर कळतं.

आणि ते पँट ओढणं, नको तिथे हात लावणं याला ‘मुलांची मस्ती’ म्हणणं सोडा. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, मुलगा मुलगी दोघांनाही सारखाच लागू आहे, आणि लैंगिक त्रास झालाय हे माहीत असून कळवलं नाही तर तो न कळवणाऱ्याचाच गुन्हा होतो. हे ऐकलं की स्टाफरूम एकदम शांत होते, मी बघितलंय.

मग करायचं काय, तर शोध उलटा घ्यायचा. कुठे झालं, किती वाजता, त्या वेळी ड्युटी कुणाची होती, कोण कोण होतं. बहुतेक शाळांत या जागा ठरलेल्या असतात, टॉयलेटच्या मागची बाजू, वरचा जिना, व्हॅन, आणि वर्गाचा तो व्हॉट्सॲप ग्रुप ज्यात एकही शिक्षक नसतो. आणि सगळ्यात आधी शिक्षकांनी स्वतः वर्गात ‘काय बांगड्या भरल्यात का’ म्हणणं बंद करायचं, कारण पोरांना परवानगी तिथूनच मिळते.

घरी फोन

ही चूक चांगल्या मनाने होते म्हणून जास्त घातक. नववीतल्या एका मुलीच्या दप्तरात दुसऱ्या मुलीला लिहिलेली चिठ्ठी सापडली, बाईंनी ती वाचली, घाबरल्या, आणि ‘पालकांना कळायला नको का’ म्हणून वडिलांना फोन लावला. सोमवारपासून मुलगी शाळेत नाही. मोबाईल काढून घेतला, आधी गावाकडे पाठवली, मग कुठल्यातरी महाराजांकडे नेऊन अंगारा लावला, मग स्थळं बघायची भाषा, पोरगी चौदा वर्षांची. बाईंना आजही वाटतं की त्यांनी फक्त कर्तव्य केलं.

मुलाने तुम्हाला काही सांगितलं, किंवा चुकून कळलं, तर ती माहिती त्याची आहे. आधी त्यालाच विचारा: घरी कुणाला माहितेय? कुणाला कळलेलं चालेल? कळलं तर काय होईल असं वाटतं? मारतील, हाकलतील अशी भीती असेल तर फोन नाही, इतकं सोपं आहे. पण पोर जिवाचं काही करून घेईल असं वाटलं तर मात्र गप्प बसायचं नाही, तेव्हा घरच्यांना लगेच सांगायचं, फक्त कारण उघडं करायची गरज नाही. ‘तिला खूप ताण आलाय, दोन दिवस एकटी सोडू नका, आपण समुपदेशकाला भेटू’ एवढं पुरतं. टेलिमानसचा (सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन) १४४१६ आणि चाइल्डलाइनचा (मुलांसाठीची हेल्पलाइन) १०९८ हे दोन नंबर वर्गात लावून ठेवा, खाली ‘कुठल्याही त्रासासाठी’ असं लिहून, म्हणजे नंबर उतरवून घेणाऱ्याकडे कुणी टकमक बघत नाही.

आणि फोन करून झालाच असेल तर? मग निदान अर्ध्यात सोडू नका. मुलगी तीन दिवस आली नाही तर घरी जा, अभ्यासाच्या वह्या द्यायला आलोय म्हणून जा. आईबाबांना ‘उपचार करा’ असं चुकूनही म्हणू नका, कारण हा आजारच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून १९९० मध्येच काढली, आपल्याकडच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या सोसायटीने २०१८ मध्ये तेच सांगितलं, आणि ‘बदलून देतो’ म्हणणारी ट्रीटमेंट हे डॉक्टरांचं गैरवर्तन आहे असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये राज्यांच्या मेडिकल कौन्सिलना कळवलंय. पालकांना डॉक्टरपेक्षा दुसऱ्या पालकांशी बोलून जास्त बरं वाटतं असा माझा अनुभव. मुंबईत ‘स्वीकार’ नावाचा अशाच आईबाबांचा ग्रुप आहे, मुंबईतच याच विषयावर काम करणारी हमसफर ट्रस्ट ही संस्था आहे. रडणाऱ्या आईला दुसरी आई ‘अगं मीपण सहा महिने बोलत नव्हते त्याच्याशी’ म्हणते ना, ते आपण शंभर मिटिंगा घेऊन होत नाही.

टॉयलेट

वर्गातल्या कुणाची पाण्याची बाटली रोज भरलेलीच परत जाते का बघा. काही पोरं दिवसभर पाणी पीत नाहीत, कारण टॉयलेटला जायची भीती. यावर शाळांचं उत्तर असतं की ‘स्टाफचं वापर, चावी शिपाईकाकांकडे आहे’, म्हणजे रोज सगळ्यांसमोर चावी मागायची, त्यापेक्षा पोर कळ सोसतं. कडी लागणारं, एकट्याने जायचं एक टॉयलेट कुणालाही उघडं ठेवा, पाळी आलेली मुलगी वापरेल, पोट बिघडलेला मुलगा वापरेल, हे घाबरणारं पोरही वापरेल. वेगळी पाटी लावू नका. नवीन बांधायला पैसे नाहीत म्हणाल तर आधी ते दिव्यांगांचं टॉयलेट उघडून बघा, बऱ्याच शाळांत त्यात झाडू आणि तुटकी बाकं असतात. ते रिकामं करणं तसंही शाळेचं कामच आहे.

आलास की आलीस?

इंग्रजीत सर्वनामावरून वाद चालतात, आपल्या मराठीत जास्त घोळ क्रियापदात आहे. ‘कधी आलास’ म्हटलं की झाला मुलगा, ‘आलीस’ म्हटलं की झाली मुलगी, मध्ये फारशी जागा नाही. एखादं मूल स्वतःबद्दल ‘मी गेले’ म्हणायला लागलं तर वर्गात हशा पिकतो आणि बऱ्याचदा शिक्षकच दुरुस्ती करतात, ‘गेलो म्हण’. करू नका. बाजूला घेऊन एकदाच विचारा, तुला काय म्हणू, वर्गात काय म्हणू, घरच्यांसमोर काय म्हणू. तिन्हीची उत्तरं वेगळी येऊ शकतात आणि तिन्ही लक्षात ठेवावी लागतात, ही जरा कटकट आहे खरी.

तसंच रांगेचं. मुलांची रांग मुलींची रांग कशासाठी, उंचीप्रमाणे लावा. गणवेशाचा नियम ‘स्वच्छ आणि नीटनेटका’ एवढाच असला तर निम्मी भांडणं संपतात. केरळात वलयनचिरंगरा नावाच्या गावातल्या सरकारी प्राथमिक शाळेने २०१८ ला मुलामुलींना एकच गणवेश केला, गुडघ्याखालपर्यंतची चड्डी आणि शर्ट, पोरी आरामात पळायला लागल्या. पण इथेही सक्ती नको, एका साच्यातून काढून दुसऱ्या साच्यात घालायचं नाहीये.

कागद

२०१९ च्या ट्रान्सजेंडर कायद्यात स्पष्ट आहे की शाळेने भेदभाव करायचा नाही, शिक्षण, खेळ, करमणूक सगळं इतरांबरोबर द्यायचं, आणि तक्रारींसाठी एक माणूस नेमायचा. तुमच्या शाळेत तो माणूस कोण? बहुतेकांना माहीत नसतं. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या जवळपास ५५ हजार मुलांची नोंद ‘इतर’ अशी झालीय, म्हणजे आमच्याकडे असं कुणी नाही हे वाक्य तेव्हाच खोटं ठरलेलं. नाव बदलायचं असेल तर बोर्डाचे फॉर्म जायच्या आधी हालचाल करा, कारण दहावीच्या मार्कशीटवर शाळेच्या रजिस्टरमधलंच नाव जातं आणि नंतर ते बदलताना पोराची चप्पल झिजते. तोपर्यंत हजेरी घेताना रोल नंबर पुकारा, त्याला कुठल्या जीआरची गरज नाही.

‘वडिलांचे नाव’

विद्यार्थी सोडा, पालकही असतात. दोन आया असलेलं घर, ट्रान्स आईने वाढवलेलं मूल. सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२३ मध्ये समलिंगी लग्नाला मान्यता दिली नाही, म्हणजे अशा घरात कागदावर पालक एकच असतो, आणि दुसऱ्या बाईला गेटवर अडवतात, ‘तुम्ही कोण?’ पोरासमोर. कागदावरच्या पालकाकडून सहीचं पत्र आणि फोटो घेऊन ठेवा, मुलाला न्यायला आणि मिटिंगला कोण येणार ते, काका-आजोबांसाठी आपण घेतोच की. आणि ‘माझे बाबा’ निबंधाऐवजी ‘माझ्या घरातलं माणूस’ द्या, ज्यांचे वडील वारलेत किंवा सोडून गेलेत त्या पोरांची पण सुटका होते.

वरून काही येईल म्हणून थांबणं

एनसीईआरटीने २०२१ मध्ये ट्रान्सजेंडर मुलांबद्दल शिक्षकांसाठी चांगली पुस्तिका काढली होती, बाल हक्क आयोगाने आक्षेप घेतला आणि थोड्याच दिवसांत ती वेबसाइटवरून गायब. तेव्हा वरच्यांची वाट बघत बसलात तर पोरं दहावी होऊन जातील. आपल्याकडे शाळेत मुलांच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती आहे, तक्रारपेटी आहे, कागदावर तरी. पेटी मुख्याध्यापकांच्या केबिनबाहेर नको, जिथे कॅमेरा आणि शिपाई दोन्ही बघत असतात. आठवड्यातून दोनदा उघडा, आणि उघडताना समितीतले दोघं असू द्या.

पालकसभेत कुणीतरी उठून विचारणारच, ‘आमच्या पोरांना हे काय शिकवताय?’ त्यावर लांब भाषण देऊ नका. कुणालाही टॉयलेटमध्ये कोंडायचं नाही हे शिकवतोय, एवढंच म्हणा.

आठवीतल्या त्या मुलाने नंतर शाळा बदलली. दाखला काढताना क्लार्क रजेवर होता म्हणून रजिस्टर मी भरलं. ‘शाळा सोडण्याचे कारण’ या रकान्यात ‘पालकांच्या विनंतीवरून’ असं लिहिलंय, अक्षर माझं आहे.