टाइमलाइन लाल झाली, मीडिया ऑफलाइन आलं... बाहेरच्या हार्ड डिस्कवरचं फूटेज परत कसं जोडायचं

लग्नसराई सुरू झाली की मला हे फोन येतातच, दादा सगळी टाइमलाइन (क्लिप्स ओळीने लावून कापतो ती पट्टी) लाल झाली, फूटेज उडालं वाटतं. बहुतेक वेळा काही उडालेलं नसतं, फूटेज हार्ड डिस्कवर जसंच्या तसं असतं, फक्त एडिटिंगच्या सॉफ्टवेअरला ते सापडत नसतं. पण घाबरून लोक क्लिप्स डिलीट करतात, परत इम्पोर्ट करतात, आणि चार रात्री बसून केलेले कट हातचे जातात. म्हणून आधी माऊसवरचा हात काढा आणि हे वाचा.

सॉफ्टवेअर प्रीमिअर असो की रिझॉल्व्ह, तुम्ही क्लिप इम्पोर्ट करता तेव्हा व्हिडिओ प्रोजेक्टच्या आत येतच नाही, आत येतो फक्त त्याचा पत्ता. कुठून कुठपर्यंत कापलं, कलर काय केला, गाणं कुठे लावलं हे सगळं प्रोजेक्टमध्ये असतं, चित्र मात्र डिस्कवरच राहतं, म्हणून तर ३०० जीबीच्या लग्नाची प्रीमिअरची फाईल थोड्याशा एमबीचीच असते. विंडोजवर हा पत्ता ड्राइव्हच्या अक्षरापासून सुरू होतो, म्हणजे ई ड्राइव्ह, मग लग्नाचं फोल्डर, मग हळद, मग क्लिप. आता आज कुणी आधी पेन ड्राइव्ह लावला आणि ई त्याने घेतलं तर तुमच्या हार्ड डिस्कला एफ मिळतं, आणि प्रीमिअर बिचारं अजून ई मध्येच हळद शोधत बसतं. मॅकवर अक्षर नसतं, डिस्कचं नाव असतं, तिथे दोन डिस्कचं नाव अनटायटल्ड असेल तर नंतर लावलेलीच्या पत्त्यात नावापुढे १ लागतो आणि तीच बोंब.

तर पहिलं काम, क्लिप्सना हात लावायच्या आधी ड्राइव्हचं अक्षर बघा. बदललं असेल तर प्रीमिअर बंद करा (सेव्ह करू का विचारलं तर नाही म्हणा), स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा, तुमच्या हार्ड डिस्कवर राइट क्लिक, चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स, आणि जुनं अक्षर परत द्या. ते पेन ड्राइव्हने घेतलं असेल तर आधी तो इजेक्ट करून काढा. प्रोजेक्ट परत उघडला की सगळं जागेवर दिसतं, एकही क्लिप लिंक करायला लागत नाही. नवीन हार्ड डिस्क घेतली की मी पहिल्याच दिवशी तिला एम किंवा एक्स असं लांबचं अक्षर देऊन टाकतो, पेन ड्राइव्ह, कार्ड रीडर तिथपर्यंत सहसा पोचत नाहीत. फक्त हे अक्षर त्या एका कॉम्प्युटरच्या लक्षात राहतं, दुसऱ्या पीसीवर बसलात तर तिथे पुन्हा द्यायचं.

फोल्डर हलवलं असेल किंवा नाव बदललं असेल तर मात्र लिंक करावंच लागतं. प्रोजेक्ट उघडताना लिंक मीडियाची खिडकी येते, नाही आली तर प्रोजेक्ट पॅनेलमध्ये लाल क्लिप्स सिलेक्ट करून राइट क्लिक, लिंक मीडिया. खाली रीलिंक अदर्स ऑटोमॅटिकली वर टिक ठेवा, लोकेट दाबा, डाव्या बाजूला लग्नाचं मुख्य फोल्डर निवडून सर्च करा. एक फाईल बरोबर दाखवली की त्याच रचनेतल्या बाकीच्या ते स्वतः शोधतं.

आता खरी भीतीची जागा. सोनीच्या कॅमेऱ्यात फाईलची नावं सी०००१, सी०००२ अशी येतात, आणि नंबर रिसेटवर (म्हणजे पुन्हा एकपासून सुरू) असेल किंवा दोन कॅमेरे असतील तर हळदीतही सी००१२ आणि लग्नातही सी००१२. सॉफ्टवेअर नाव जुळलं म्हणून जोडून मोकळं होतं. एकदा माझ्याकडे सप्तपदीच्या जागी संगीतातला नाच आला होता आणि लाल काहीच दिसत नव्हतं, त्यामुळे एक्स्पोर्ट होईपर्यंत कळलंच नाही. म्हणून अशा वेळी मुख्य फोल्डर न दाखवता एकेका कार्डाचं फोल्डर दाखवा, लिंक मीडियात फाईल नेमबरोबर मीडिया स्टार्टवर पण टिक करा म्हणजे टाइमकोड (क्लिपमध्ये नोंदलेला वेळेचा आकडा) पण जुळवला जातो, आणि शेवटी टाइमलाइन डोळ्याखालून घालाच.

रिझॉल्व्हमध्ये मीडिया पूलमधल्या क्लिप्सवर राइट क्लिक करून रीलिंक सिलेक्टेड क्लिप्स आहे, काम तेच. पण तिथे प्रोजेक्ट एरवी कॉम्प्युटरवरच्या लायब्ररीत असतो, फूटेजच्या डिस्कवर नसतो. नुसती हार्ड डिस्क दुसऱ्या एडिटरकडे पाठवलीत तर त्याला फूटेज मिळेल, तुमचं एडिट नाही. प्रोजेक्ट एक्स्पोर्ट करून ती फाईल सोबत द्या, किंवा फूटेजसकट हवं तर प्रोजेक्ट आर्काइव्ह करा. प्रीमिअरवाल्यांना हेच प्रोजेक्ट मॅनेजरमधून करता येतं, कलेक्ट फाइल्स निवडून, फक्त डिस्कवर जागा हवी.

डिस्क विंडोज आणि मॅक दोन्हीकडे फिरणार असेल तर एक्सफॅटमध्ये (डिस्कवर फाइल्स मांडायची पद्धत, दोन्हीकडे चालते) फॉरमॅट करा, पण फूटेज भरायच्या आधी, फॉरमॅट केलं की सगळं पुसलं जातं. एनटीएफएस (विंडोजची नेहमीची पद्धत) मॅकवर वाचता येतं पण त्यावर लिहिता येत नाही, आणि फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाईल बसत नाही. एक्सफॅट असेल तर इजेक्ट केल्याशिवाय केबल ओढू नका, कॉपी अर्धवट असताना ओढली तर फाइल्स खरंच जाऊ शकतात.

आणि पुढच्या लग्नापासून एवढं करा. एक लग्न एक फोल्डर, त्यात प्रत्येक कार्डाचं वेगळं फोल्डर तारीख आणि कॅमेरा लिहून, गाणी आणि ग्राफिक्स पण तिथेच (डाउनलोड्समधून थेट टाइमलाइनवर ओढलेलं गाणं नंतर हमखास लाल होतं), आणि एकदा इम्पोर्ट केलं की त्या फोल्डरचं नाव कुणीही बदलायचं नाही, मदतीला येणाऱ्या पोरांना पण हे सांगून ठेवा. प्रोजेक्ट फाईल त्याच फोल्डरमध्ये ठेवा आणि तिची एक कॉपी रोज रात्री दुसरीकडे टाका, मेलवर पण जाते, तेवढी लहान असते ती.