बॅटरी गेली म्हणण्याआधी: चार्जिंगच्या ड्रिलबाबत या चुका टाळा

काउंटरवर ड्रिल ठेवलं की पाठोपाठ ठरलेलं वाक्य येतं, “बॅटरी गेली बघा. नवीन कितीला पडेल?” सुतार असो, वायरमन असो, नाहीतर पडद्याचे रॉड लावणारा, निदान घरूनच करून आलेला असतो. मी आधी चकमधलं, म्हणजे ड्रिलच्या तोंडाशी पकडलेलं, बिट बघतो, मग बॅटरीच्या पट्ट्या, मग चार्जर मागतो. चार्जर बहुतेकांनी आणलेलाच नसतो. खरं तर तोच आधी आणायला हवा. बऱ्याचदा बॅटरी ठणठणीत निघते, आणि जिथे ती खरंच गेलेली असते तिथे तिला घालवणारं कारण चार्जरमध्ये, साइटवरच्या बोर्डात किंवा बिटाच्या टोकाशी सापडतं.

डब्यावरच्या आकड्याला भुलणं

१८ व्होल्टच्या पॅकमध्ये, म्हणजे आपण बॅटरी म्हणतो त्या डबीत, पाच लिथियम सेल एकामागे एक जोडलेले असतात. एकेक सेल ३.६ व्होल्टचा, पाचांचे १८. पूर्ण चार्ज झालेला सेल ४.२ ला जातो, म्हणजे पॅक २१ ला. त्यामुळे डब्यावर १८ लिहा, ‘२० मॅक्स’ लिहा की २१, आतला माल तोच. छोट्या १२ व्होल्टवाल्यात तीन सेल असतात, भरल्यावर १२.६.

मग ऑनलाइन ‘४८ व्हीएफ’, ‘८८ व्हीएफ’ असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं ड्रिल स्वस्तात दिसतं आणि माणूस हरखतो. सगळी गंमत त्या ‘एफ’मध्ये आहे, तो आकडा व्होल्टचा नाहीच. पॅक उघडला की पाचच सेल निघतात. खऱ्या ४८ व्होल्टला तेरा सेल एका रांगेत लागतील, मुठीएवढ्या डबीत ते बसणार कुठे?

बघायचा आकडा म्हणजे व्होल्ट गुणिले एएच (अँपिअर-अवर). १८ व्होल्ट २ एएच म्हणजे ३६ वॉट-अवर, ५ एएच म्हणजे ९०. अशा ५ एएचच्या पॅकमध्ये बहुधा अडीच एएचचे दहा सेल जोडी-जोडीने बसवलेले असतात. ताण दोघांत वाटला जातो, म्हणून तो पॅक जास्त वेळ तर चालतोच, शिवाय जड कामात व्होल्टेज कमी घसरतं आणि तेच मशीन जास्त दमदार वाटतं.

“पार उतरू दे, मग लाव”

ही शिकवण उस्तादाकडून पोऱ्याकडे आली आहे आणि तिच्या काळात ती बरोबरच होती. ब्लॅक अँड डेकरने १९६१ मध्ये बिनवायरचं ड्रिल आणलं ते निकेल-कॅडमियम सेलवर, आणि पुढची चाळीसेक वर्षं या धंद्यात निकेलचंच राज्य होतं. ते सेल अर्धवट उतरवून पुन्हा पुन्हा चार्ज केले तर आळसावतात, म्हणून अधूनमधून पूर्ण उतरवायचे. पुढे लिथियम आलं. बॉशचा आयक्सो हा छोटा स्क्रू-ड्रायव्हर २००३ मध्ये लिथियमवर निघाला. युरोपात तर २०१६ संपताना हत्यारांतल्या निकेल-कॅडमियमला बंदीतून दिलेली सवलतही संपली. सेल बदलले, सवय मात्र तशीच राहिली.

लिथियमला पार उतरणं सोसत नाही. मशीन ओढायला कमी पडलं की थांबायचं, अर्ध्यावर चार्जिंगला लावलं तरी त्याचं काही बिघडत नाही. सगळ्यात वाईट खोड म्हणजे मशीन बंद पडल्यावर दोन मिनिटं थांबून पुन्हा ट्रिगर दाबणं. विश्रांती मिळाली की व्होल्टेज थोडं वर येतं, मशीन दोन गरके मारतं, स्क्रू अर्धा सूत आत जातो. त्या दोन गरक्यांत पाचांतला सर्वात अशक्त सेल आणखी खाली ढकलला जातो. चांगल्या पॅकमध्ये किंवा मशीनमध्ये याला आळा घालणारं सर्किट असतं. पण एका कंपनीचा पॅक दुसऱ्या कंपनीच्या मशीनला लावायचे जे प्लास्टिकचे अडॅप्टर मिळतात, त्यांतले बरेचसे फक्त अधिक आणि उणे जोडतात. पॅक मशीनला ‘आता बस’ असं ज्या तारेवरून सांगतो, ती तारच तिथे नसते.

हिरवा दिवा लागला म्हणजे भरली?

याच्यावर जरा थांबू, कारण सर्वात जास्त घोळ इथे आहे.

स्वस्त ड्रिलबरोबर मोबाईलच्या चार्जरसारखा, गोल पिनचा अडॅप्टर येतो. त्याचा दिवा बॅटरीत किती भरलं हे बघतच नाही, तो फक्त प्रवाह बघतो. प्रवाह जोरात असला की लाल, अगदी कमी झाला की हिरवा. प्रवाह कमी व्हायची कारणं मात्र दोन असतात: बॅटरी भरली, किंवा वाट तुटली. पिन ढिली आहे, आतल्या सॉकेटचं सोल्डर सुटलंय, फ्यूज उडालाय किंवा बीएमएसने, म्हणजे पॅकमधल्या सेलांची राखण करणाऱ्या सर्किटने, दार बंद केलंय, तरी दिवा हिरवाच. म्हणून उतरलेली बॅटरी लावल्या लावल्या हिरवा दिवा आला तर खूश होऊ नका. ती उपाशीच आहे.

परवाचाच एक पॅक सांगतो. तक्रार अशी की लवकर भरतो आणि पाच मिनिटांत बसतो. अडॅप्टर एकटा मोजला तर पिनवर २१ च्या आसपास, म्हणजे ठीक. चार स्क्रू काढून पॅक उघडला. सेलच्या माळेच्या दोन टोकांना मीटर लावला, १६.७ व्होल्ट. पाचाने भागलं तर ३.३ पडतात, बरंच वाटतं की. मग एकेक सेल मोजला: ३.६८, ३.६७, ३.६९, ३.६८ आणि शेवटचा १.९४. चार भाऊ धडधाकट आणि पाचवा आजारी. चार्जिंगला लावलं की हे चार जण आधी ४.२ च्या घरात पोचतात, बीएमएस त्यांना जपायला चार्जिंग तोडते, दिवा हिरवा होतो, आणि पाचवा अर्ध्यावरच राहतो. वापरायला घेतलं की तोच आधी तळाला जातो आणि पुन्हा बीएमएस सगळं बंद करते. एकूण व्होल्टेज मोजून हे कधीच कळलं नसतं. सेलांना एका पातळीवर आणायची सोय असंख्य पॅकमध्ये मुळात ठेवलेलीच नसते. सुरुवातीला सेल जुळवून घेतलेत एवढ्यावर कारभार चालतो.

मोठ्या कंपन्यांचे सरकवून बसवायचे चार्जर जास्त शहाणे असतात. पॅकवर अधिक-उण्याखेरीज ज्या बारीक पट्ट्या दिसतात, त्यांतल्या एकीवरून चार्जर आतलं तापमान वाचतो. ती पट्टी कळकट झाली तर चुकीचं तापमान वाचलं जातं आणि चांगल्या पॅकलाही चार्जर नकार देतो. कोकणात पावसाळ्यानंतर या पट्ट्यांवर हिरवट थर हमखास दिसतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश पुरतो. पॉलिश पेपर मारू नका, वरचा मुलामा निघून जातो आणि गंज लवकर धरतो. आणि लाल दिवा लुकलुकला की लगेच ‘खराब’ म्हणू नका. लुकलुकण्याचे अर्थ कंपनीगणिक वेगळे असतात आणि बहुधा चार्जरवरच्याच स्टिकरवर छापलेले असतात. ते स्टिकर वाचणारं गिऱ्हाईक मला अजून भेटायचंय.

तापलेला पॅक तसाच चार्जिंगला

लिथियम सेलला चार्ज करायची साधारण वरची मर्यादा ४५ अंश. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे हवाच तिथे टेकते. अशात स्लॅबला सलग भोकं मारून काढलेला पॅक हाताला चटका देत असतो. चांगला चार्जर अशा वेळी नुसता थांबून राहतो आणि गडी म्हणतो चार्जर बिघडला. स्वस्त अडॅप्टर थांबत नाही, आणि ते जास्त वाईट. सावलीत अर्धा तास ठेवा, मग लावा. फ्रीजमध्ये ठेवू नका. हे करणारे लोक आहेत, म्हणून लिहितोय. बाहेर काढल्यावर आत दव धरतं आणि ते थेट सर्किटवर.

चार्जरच्या जाळीतून पीओपीची किंवा भुशाची धूळ आत जाते, पंखा असेल तर तो गळपटतो. आठवड्यातून एकदा ब्लोअर मारा, प्लग काढून.

पिन बसली म्हणून चार्जर चालला असं नाही

१२.६ चा अडॅप्टर, २१ चा, २४ चा, काही लॅपटॉपचे १९ चे, पिना इतक्या सारख्या की कुठलीही कुठेही बसते. पाच सेलच्या पॅकला १९ व्होल्ट दिले तर सेलमागे ३.८ येतात, पॅक कधीच भरत नाही. २४ दिले तर सेलमागे ४.८, म्हणजे तुमच्या आणि आगीच्या मध्ये फक्त ती बोटभर बीएमएस. पिन नाही, मागचा आकडा जुळवायचा.

दुसरी गंमत अमेरिकेहून येते. भाचा न्यू जर्सीहून चांगल्या कंपनीचं ड्रिल आणतो, मामा कौतुकाने प्लग लावतात, फट् आवाज होतो आणि वास सुटतो. तिकडचा चार्जर १२० व्होल्टचा. आपले २३० व्होल्ट डीसी झाले की ३२५ पर्यंत चढतात, आणि आतला कपॅसिटर २०० चा असला तर फुगून फुटणारच. चार्जरच्या पाठीवर १००-२४० लिहिलं असेल तरच इथे लावा. नसेल तर त्याच कंपनीचा, त्याच मालिकेचा इथला चार्जर घ्या. ड्रिल आणि बॅटरीला त्याचं काही वावडं नसतं.

साइटवर चार्जर मरतात ते बहुतेक टेम्पररी बोर्डावर. थ्री फेजचा न्यूट्रल कुठे ढिला झाला, आमच्या भाषेत न्यूट्रल उडाला, की एखाद्या सॉकेटवर २३० ऐवजी साडेतीनशेच्याही पुढे व्होल्टेज येतं. त्याच क्षणी दोन बल्ब आणि एक मोबाईल चार्जरही गेला असेल तर ड्रिलच्या कंपनीला शिव्या देऊ नका. वायरमनला बोलवा.

मेलेला पॅक ‘उठवणं’

व्हिडिओ बघून चांगल्या पॅकच्या दोन वायरी मेलेल्या पॅकला टेकवायचा प्रयोग बरेच जण करतात. व्होल्टेज वर येतं, चार्जरही मग त्याला स्वीकारतो, आणि माणूस मिश्या पिळतो. पण सेल दोनेक व्होल्टच्या खाली आठवडेच्या आठवडे पडून राहिला असेल तर आतल्या तांब्याच्या पत्र्यातलं तांबं विरघळलेलं असतं. चार्ज करताना ते भलतीकडे जमतं आणि आतल्या आत शॉर्ट होतो. आज नाही, चौथ्या चार्जिंगला, रात्री. वर सांगितलेला १.९४ वाला सेल मी उठवला नाही.

तो एकटाच बदलावा का? नाही. जुन्या चौघांत नवा एक घातला की थोड्याच दिवसांत पुन्हा जुळत नाहीत. पाचही बदला, आणि हत्यारासाठीचेच सेल घ्या. लॅपटॉपमधून काढलेला सेल क्षमतेला चांगला असतो, पण सहसा पाचेक अँपिअरच्या पुढे त्याला ओढवत नाही. ड्रिल अडकलं की त्याच्या कितीतरी पट मागतं. बाजारात ९९०० एमएएच छापलेले सेल मिळतात. १८ मिलिमीटर जाड आणि ६५ लांब अशा त्या आकारात साडेतीन हजारांच्या आसपासच मजल जाते, बाकी सगळी शाई. आणि सेलवर थेट सोल्डरिंग गन टेकवू नका, उष्णतेने आतलं सील आणि पडदा खराब होतो. निकेलची पट्टी स्पॉट वेल्डिंगनेच लावायची. ते मशीन नसेल तर हे काम घरी करू नका.

बॅटरी बिचारी, दोष बिटाचा

पडद्याचे रॉड लावणाऱ्याची गोष्ट अशीच निघाली. “एका चार्जिंगमध्ये चार भोकं होतात फक्त.” बिट बघितलं तर टोकाचं कार्बाइड गोल झालेलं आणि देठ निळा पडलेला. नवीन बिट लावून त्याच्याच बॅटरीवर मागच्या विटेच्या भिंतीत भोकं मारून दाखवली, तो मोजत उभा राहिला आणि सातव्यानंतर मोजायचं सोडून हसला.

बोथट बिट, स्क्रूसाठी दोन नंबरचा गिअर, काँक्रीटमध्ये हॅमर चालू न करता दाबत राहणं, तिन्हींत करंट वाढतो आणि मार बॅटरी खाते. बीमला-कॉलमला रोज भोकं मारायची असतील तर हॅमर ड्रिल पुरत नाही, एसडीएसचं (खाचेच्या देठाचं बिट घेणारं) रोटरी हॅमर घ्या.

ठेवताना, नेताना, टाकताना

महिनाभर काम नसेल तर पॅक अर्धा भरलेला, मशीनमधून काढून, थंड जागी ठेवा. पूर्ण भरून गाडीच्या डिकीत उन्हाळाभर ठेवलेला पॅक पावसाळ्यात म्हातारा होऊन बाहेर येतो.

विमानाने जाताना सुटा पॅक हँडबॅगेत आणि ड्रिल चेक-इनमध्ये. १०० वॉट-अवरपर्यंत सहसा अडवत नाहीत, म्हणजे १८ व्होल्ट ५ एएच चालतो. ६ एएचचा १०८ होतो, त्याला विमान कंपनीची परवानगी आधी घ्यावी लागते.

कामातून गेलेल्या पॅकच्या पट्ट्यांवर चिकटपट्टी लावा आणि तो ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करायची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, तेव्हा सर्व्हिस सेंटरला हक्काने विचारा. पॅकमधून नेलपॉलिश रिमूव्हरसारखा गोडसर वास येत असेल तर मात्र तो माझ्या काउंटरवरही आणू नका. उघड्यावर, रेतीच्या घमेल्यात ठेवा आणि मला फोन करा.