‘दीडपट कापूस’ म्हणणारं टॉनिक आपल्याच वावरात कसं पारखावं

पूर्वी नवं बियाणं, नवं औषध गावात यायचं ते बहुतेक अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची शिफारस घेऊन. आता ते कृषी केंद्राच्या काउंटरवरून आणि मोबाइलवरच्या व्हिडिओतून थेट फवारणीच्या पंपात पडतं. मधली तपासणी गळाली, ती आता शेतकऱ्याच्या अंगावर आली आहे. टॉनिकापुरती, म्हणजे वाढीसाठी पिकावर फवारतात त्या औषधापुरती तरी, ती वावरात नीट करता येते.

पहिलं काम कागदाचं. विज्ञानाचे तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांचं म्हणणं होतं की जो दावा खोटा ठरूच शकत नाही, तो विज्ञानाचा नव्हे. ‘पऱ्हाटी (कापसाचं झाड) तरारते’ हा असलाच दावा. काय झालं म्हणजे तो खोटा, ते विकणाराही सांगू शकत नाही. म्हणून फवारणीच्या आधी लिहून ठेवा: ‘सगळे वेचे मिळून एकरी एक क्विंटल वाढ दिसली नाही, तर पुढल्या साली घेणार नाही.’ खाली तारीख आणि शेजाऱ्याची सही. नंतर लिहायला बसलात की ‘पाऊसच जास्त झाला’, ‘डोस कमी पडला’ या पळवाटा हमखास सापडतात.

आता आखणी. चार फुटांवर तास (पिकाच्या ओळी) असतील तर सहा तास रुंद, 100 फूट लांब असे पट्टे पाडा आणि दोन-दोन लागून असलेल्या पट्ट्यांची जोडी करा. अशा सहा जोड्यांना साडेसव्वीस गुंठे लागतात. एका जोडीतली जमीन एकाच पोताची हवी. एक पट्टा कसदार आणि दुसरा बरड असेल तर तुम्ही जमीनच मोजताय. तुरीचे तास या भागात ठेवू नका. कुठल्या पट्ट्याला टॉनिक द्यायचं ते प्रत्येक जोडीसाठी नाणं उडवून ठरवा. मनाने निवडलं तर हात आपोआप चांगल्या पट्ट्याकडे जातो. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी 1920 च्या दशकात चिठ्ठ्या टाकण्याची ही रीत शेतीच्या प्रयोगांत आणली. कोपऱ्यांवर खुंट्या ठोका आणि नकाशा वहीत काढा, कारण ऑगस्टनंतर पऱ्हाटीत खुंट्या दिसत नाहीत.

सगळ्यात जास्त घोळ फवारणीत होतो. टॉनिक सहसा कीटकनाशकासोबत एकाच पंपात जातं, मावा-तुडतुडे कीटकनाशकाने मरतात आणि हिरवेपणाचं श्रेय टॉनिकाला मिळतं. म्हणून दोन्ही पट्ट्यांना तेच कीटकनाशक, तेवढंच पाणी, त्याच दिवशी. फरक फक्त टॉनिकाचा. खतही सारखंच. आधी बिनटॉनिकचे पट्टे फवारा, मग पंपात टॉनिक घाला. वारा पडलेला असताना फवारा, तरी थोडं उडतंच. त्यासाठी प्रत्येक पट्ट्याचा दोन्ही कडांचा एकेक तास मोजणीतून सोडून फक्त मधले चार मोजायचे.

वेचणी सगळ्या पट्ट्यांची एकाच दिवशी, दव उतरल्यावर. ओला कापूस वजन वाढवतो. पोत्यांवर फक्त आकडे टाका. काट्यावर बसणाऱ्याला कुठलं पोतं टॉनिकचं ते कळता कामा नये. पहिल्या वेच्यावरच निकाल लावू नका. बोंडं नुसती लवकर फुटली तरी पहिला वेचा भारी भरतो आणि शेवटची बेरीज तीच येते.

चार तास गुणिले 100 फूट म्हणजे 1600 चौरस फूट. पट्ट्याच्या किलोंना 27.2 ने गुणलं की एकरी किलो. समजा टॉनिक आणि मजुरी धरून एकरी 1400 रुपये खर्च आला आणि भाव क्विंटलला 7000 आहे, तर नुसता खर्च निघायला एकरी 20 किलो वाढ हवी, म्हणजे पट्ट्यामागे पाऊण किलोही नाही. एवढा फरक जमिनीच्या चढउतारातच येतो, तो या प्रयोगात पकडता येणार नाही. ‘दीडपट’ हा दावा मात्र एका हंगामात उघडा पडतो, आणि पाकिटावरची भाषा त्याचीच असते.

किती जोड्यांत टॉनिक जिंकलं ते पाहा. निव्वळ पाणी असलेलं टॉनिकही नशिबाने चारपैकी चार जोड्या सोळात एकदा जिंकतं. सहापैकी सहा चौसष्टात एकदा. म्हणून सहा. सोळा शेतकऱ्यांनी चार-चार जोड्या केल्या तर सरासरी एकजण फुकटचा जिंकतो, आणि व्हिडिओ त्याचाच फिरतो. उरलेले पंधरा कोणी दाखवत नाही.

बियाण्याला हीच रीत अर्धीच पुरते. बीटी कापसाला, म्हणजे ज्याच्या झाडातच बोंडअळीला मारणारं विष तयार होतं त्या कापसाला, 2002 मध्ये परवानगी मिळाली, दोन जनुकांचं बियाणं 2006 मध्ये आलं. प्रत्येक 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत 120 ग्रॅम बिगर-बीटी सरकी यायची, ती कडेने लावण्यासाठी. तिथे साधी अळी जगावी, तिच्या पतंगांचा बीटी पचवलेल्या पतंगांशी संकर व्हावा, म्हणजे प्रतिकार पसरायला वेळ लागावा, हा हिशेब. एका वावरापुरतं पाहिलं तर ती सरकी तोट्याचीच, त्यामुळे ती बहुतेकांच्या धुऱ्यावर किंवा घरातच राहिली. त्यात फरदडीमुळे, म्हणजे हंगाम संपल्यावरही पऱ्हाटी उभी ठेवल्यामुळे, जवळजवळ कापसावरच जगणाऱ्या गुलाबी बोंडअळीला उन्हाळ्यापर्यंत खाणं मिळत राहिलं. 2017 मध्ये विदर्भात तिने बोंडं पोखरली, तेव्हा आखलेले पट्टे तिला कुठे अडवणार होते?

तेव्हा नव्या बियाण्याबद्दल तीन प्रश्न ग्रामसभेत विचारा, पट्ट्यांवर त्यांची उत्तरं उगवत नाहीत. बिगर-बीटी सरकी लावण्यासारखी अट शेजाऱ्याने पाळली नाही तर माझं काय होईल? पाच वर्षांनी नको झालं तर जुनं बियाणं कुठे मिळेल? नुकसान झालं तर भरपाई कोण देणार? शेवटच्या प्रश्नापुरतं एक पेरणीच्या दिवशीच करून टाका: पक्कं बिल, लॉट नंबर असलेलं पाकीट आणि मूठभर सरकी एका पिशवीत बांधून ठेवा. उगवण नाही झाली तर तालुक्याच्या तक्रार निवारण समितीपुढे हेच मागतात.