मिनिएचर रंगवून देताय? तारीख चुकवणाऱ्या या चुका टाळा

गणपतीच्या आधी महिनाभर मला एकाच प्रकारचे फोन येतात. पोरगा नवा असतो, त्यानं रंगवलेल्या दोन-तीन मिनिएचरचे, म्हणजे छोट्या पुतळ्यांचे, फोटो इन्स्टावर गाजलेले असतात, कुणीतरी पहिली मोठी ऑर्डर दिलेली असते आणि कबूल केलेली तारीख डोक्यावर आलेली असते. "काका, रंगवून जवळजवळ झालंय, पण..." या 'पण'च्या पुढचं मला पाठ आहे. रंगाआधीचा पहिला थर, म्हणजे प्रायमर, खरखरीत आला, गिऱ्हाईक फोटो बघूनही उत्तर देत नाही, वार्निश पांढरं पडलं, पार्सल अडकलं. ब्रश चालवायलाच वेळ लागला, असं अजून एकानंही सांगितलेलं नाही. उशीर होतो तो ब्रश खाली ठेवलेला असताना, आणि नेमका तोच वेळ कुणी हिशेबात धरत नाही.

मी हे काम सांगलीत बसून करतो. बेंगळुरू-पुण्याच्या आयटीतल्या पोरांचे ३२ मिलिमीटरचे गेमिंगचे पुतळे, हौशी संग्राहकांचे ५४ आणि ७५ मिलिमीटरचे सरदार, दिवाळीच्या किल्ल्यासाठी आणि गणपतीच्या देखाव्यासाठी रेझिनचे मावळे. गिऱ्हाईक कुठलंही असो, तारीख चुकण्याची कारणं तीच.

तास मोजून तारीख देणं

ही माझ्या सर्वांत डोक्यात जाणारी चूक, म्हणून जरा सविस्तर.

मिरजेचा एक पोरगा आहे. हात खरंच चांगला. पुण्यातल्या एका घरगुती गणपतीसाठी त्याला पावनखिंडीचा देखावा मिळाला, बाजीप्रभूंसह ३० पुतळे, सगळे ३२ मिलिमीटरचे. त्यानं हिशेब मांडला: एका मावळ्याला अडीच तास, तिसाचे ७५ तास, रोज पाच तास बसलं की १५ दिवस. ऑर्डर ठरली त्याच संध्याकाळी त्यानं १५ दिवसांची तारीख देऊन टाकली. मी म्हटलं, अरे पुतळे अजून प्रिंट होऊन आले नाहीत. तर म्हणतो, "येतील की काका, कशाला काळजी करतायसा!"

पुतळे चार दिवस उशिरा आले. आले ते नीट न धुतलेले, हाताला चिकट लागणारे. थ्रीडी प्रिंटिंगचं रेझिन सहसा आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धुवावं लागतं, मग अतिनील (यूव्ही) प्रकाशात पक्कं करावं लागतं. चिकट रेझिनवर मारलेला प्रायमर पुढे सालासारखा निघतो. उन्हाळ्यात गच्चीवर ठेवून भागतं, पण ऐन श्रावणात ऊन कुठून आणणार? यूव्ही दिवा मागवला, त्यात आणखी दिवस गेले. मग सपोर्टच्या, म्हणजे प्रिंट करताना दिलेल्या टेकूंच्या, खुणा घासणं. एका पुतळ्याला पाच-दहा मिनिटं, वाटतं किरकोळ. तिसाला गुणून बघा.

शिवाय अडीच तासांचा आकडाही चुकीचाच होता. एक पुतळा रंगवायला लागलेला वेळ तिसानं गुणून चालत नाही. आठ-दहाचा घाणा एकत्र घेतला की अंगरखे आणि तुमानी भराभर होतात, पण चेहरे होत नाहीत. चेहरा तिसाव्या मावळ्यालाही पहिल्याइतकाच वेळ खातो, आणि विसाव्यानंतर हात जड होतो तो वेगळाच. शाईसारखा पातळ वॉश सुरकुत्यांत साचला की तो पूर्ण वाळेपर्यंत हात लावायचा नसतो, नाहीतर चहाच्या कपानं टेबलावर उमटतात तशी वर्तुळं उमटतात. त्या वेळात तुम्ही दुसरा पुतळा घ्या, फोन बघा, काहीही करा, पण हा पुतळा पुढे सरकत नाही.

पोरगा रात्री जागून शेवटपर्यंत आला आणि चतुर्थीच्या दोन दिवस आधी, बाहेर पाऊस पडत असताना, पोर्चमध्ये उभा राहून त्यानं मॅट, म्हणजे बिनचमकीच्या, वार्निशचा स्प्रे मारला. सकाळी सगळे मावळे पांढुरके. मला फोटो पाठवून वर म्हणतो, "काका, पावनखिंडीची लढाई जुलैमधलीच की. धुकं शोभून दिसतंय." लढाई १६६०च्या जुलैतली होती हे खरं, पण धुकं बाजीप्रभूंच्या मिशीवर नव्हतं. मग त्यानं वरून घाईनं ब्रशनं ग्लॉस, म्हणजे चमकदार, वार्निश मारलं. त्यानं पांढरेपणा बराच उतरला, हे मात्र बरोबर केलं. पुन्हा मॅटचा हात दिला, तासाभरात हाताला सुकं लागलं म्हणून बबल रॅपमध्ये गच्च गुंडाळलं आणि पार्सल टाकलं. पुण्याहून फोन आला: "अहो, सगळ्यांच्या अंगावर गोल गोल वळ उठलेत." कच्च्या वार्निशवर बबल रॅपचा ठसा उमटला होता. गणपती बसले त्या दिवशी पावनखिंडीत एकही मावळा नव्हता. दुरुस्त होऊन ते गौरींबरोबर पोचले. गिऱ्हाईक सज्जन निघालं. सगळी निघत नाहीत.

माझी सवय सांगतो. माझ्या तारखेचं घड्याळ तीन गोष्टी झाल्याशिवाय सुरू होत नाही: पुतळे माझ्या टेबलावर, ॲडव्हान्स खात्यात आणि रंग ठरलेले. त्याआधी कुणी कितीही गोड बोललं तरी मी फक्त 'हाती आल्यापासून इतके आठवडे' एवढंच सांगतो. कॅलेंडरवरची तारीख देत नाही. घाण्यातला एक पुतळा पुरा करून बघतो, त्यावरून बाकीचा अंदाज बांधतो आणि त्यात निम्मा वेळ वरून घालतो. काही जण म्हणतात की इतका वेळ सांगितला तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल. जाऊ दे. घाईवालं गिऱ्हाईक दुसऱ्याकडे गेलं तर मला वाईट वाटत नाही. सणाची ऑर्डर असेल तर सणाच्या आधीच्या आठवड्यात माझ्याकडे फक्त पॅकिंग असतं. जादा पैसे घेऊन रांग मोडायची पद्धत मी ठेवलेलीच नाही. एकाचे जादा पैसे म्हणजे मागच्या चौघांची उशीर झालेली तारीख.

पावसाळ्याला पावसाळा न समजणं

मॅट वार्निशमध्ये चमक घालवणारी बारीक पूड असते. हवेत दमटपणा फार असला किंवा थर जाड बसला की ते पांढरं पडतं. प्रायमरचंही तेच. उलट एप्रिल-मेच्या रखरखीत दुपारी स्प्रे लांबून मारला तर थेंब हवेतच वाळतात आणि पुतळ्यावर वाळू टाकल्यासारखं होतं. जून ते सप्टेंबर माझ्याकडे स्प्रेचा डबा कपाटाबाहेर येत नाही. पाण्यात विरघळणारं वार्निश ब्रशनं किंवा एअरब्रशनं, बंद खोलीत, दुपारच्या वेळी, दोन पातळ थर. टेबलावर साधा आर्द्रतामापक आहे. सत्तरच्या वर काटा असला तर मी त्या दिवशी दुसरं काम काढतो. वार्निश झालेले पुतळे दोन दिवस तसेच उभे असतात. हाताला सुकं लागणं वेगळं, पक्कं होणं वेगळं.

आणि आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे, जी बाहेरच्या व्हिडिओंमध्ये कुणी सांगणार नाही. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, २०२१च्या जुलैमध्ये पुन्हा महापूर आला. पूर आला की रस्ते बंद, कुरिअर बंद, वीजही बेभरवशाची. जुलै-ऑगस्टची तारीख देताना सांगलीतल्या माणसानं नदी विसरायची म्हणजे कमाल आहे. कोयना आणि अलमट्टीच्या विसर्गाच्या बातम्या मी रंगांच्या ऑर्डरइतक्याच लक्षपूर्वक वाचतो आणि पाणी चढायला लागलं की गिऱ्हाइकाला त्याच दिवशी कळवतो.

'भगवा' एवढंच ठरवून सुरुवात करणं

गिऱ्हाईक म्हणतं, झेंडा भगवा करा. एकाच्या मनात केशरी असतो, दुसऱ्याच्या मनात गेरूकडे झुकणारा, तिसऱ्याच्या मनात कुठल्यातरी मालिकेतला. तुम्ही तुमच्या मनातला लावता, फोटो पाठवता, आणि मग 'थोडा गडद चालेल का' सुरू होतं. एक रंग बदलला की त्याची सावली, उजेड, शेजारची कड, सगळं पुन्हा. यातच आठवडा जातो आणि तो कुणाच्याच हिशेबात नसतो. त्यातही फोनच्या पडद्यावरचा रंग आणि खिडकीतल्या उजेडातला रंग कधीच जुळत नाहीत. मी पांढऱ्या कार्डावर तीन भगवे लावून नंबर घालतो, दिवसाच्या उजेडात फोटो काढतो आणि 'नंबर सांगा' एवढंच विचारतो. पगडी, पागोटं की मुंडासं, हा वादही प्रायमरच्या आधीच संपवायचा. बाजीप्रभूंच्या एका हातात तलवार की दोन्ही हातांत दांडपट्टे, यावर गिऱ्हाइकाच्या काकांचं मत रंगकाम झाल्यावर येतं, असा माझा अनुभव आहे. काकांना आधीच विचारून घ्या, असं मी हल्ली स्पष्ट सांगतो.

पहिल्या पुतळ्याचा फोटो गेला की उत्तर येईपर्यंत घड्याळ थांबतं, हेही आधीच लिहून ठेवायचं. आणि बदलाची फेरी एकच. हे चार ओळींत व्हॉट्सॲपवर पाठवून समोरच्याचं 'हो' घेतलं की पुष्कळ भांडणं वाचतात.

बाकीच्या, थोडक्यात

वॉश लवकर वाळावा म्हणून हेअर ड्रायर. पातळ रेझिन गरम झालं की भाला वाकतो. मग तो गरम पाण्यात धरून सरळ करत बसा.

पॅकिंगच्या आदल्या रात्री सुपरग्लूनं पायाखालची चकती, म्हणजे बेस, चिकटवून पुतळा डब्यात बंद करणं. त्याच्या वाफा आजूबाजूला पांढऱ्या बसतात.

पिवळ्या बल्बखाली रात्री रंगवून सकाळी रंग बदललेला दिसणं. पांढऱ्या उजेडाचा बरा दिवा घ्या. महागड्या ब्रशच्या आधी घ्या.

मिसळून बनवलेल्या रंगाचं प्रमाण न लिहिणं. दुसऱ्या घाण्याचे अंगरखे वेगळे दिसतात आणि पहिला घाणा परत हातात घ्यावा लागतो. आयात केलेली बाटली संपली तर ती येण्याची वाट बघणं हा वेगळाच वनवास, म्हणून मुख्य रंगाची जादा बाटली ऑर्डर घेतानाच मागवायची.

'आता दोन घोडे वाढवा ना' याला हसून हो म्हणणं. घोडा म्हणजे दोन मावळ्यांएवढं काम. नवी किंमत, नवी तारीख, मग हो.

एका थरात सावली-उजेड देणारे रंग वापरून वेळ निम्मा होईल असं धरणं. सिटाडेल या मिनिएचर रंगांच्या ब्रँडनं २०१९मध्ये काँट्रास्ट रंग आणल्यापासून हे फार वाढलंय. रंग वाईट नाहीत, घोड्याच्या अंगावर आणि घोंगडीवर मीही लावतो. पण सपाट ढालीवर ते डाग धरतात आणि चुकलं तर खालच्या फिक्या रंगापासून परत सुरुवात करावी लागते. ज्याला साधा पातळ थर नीट देता येत नाही त्याचा यानं वेळ वाचत नाही, पण हे त्याला पटतही नाही.

उशीर होणार हे कळूनही गप्प राहणं. हे सगळ्यात वाईट. मी दर शुक्रवारी प्रत्येक गिऱ्हाइकाला एक ओळ आणि एक फोटो पाठवतो, काम पुढे गेलेलं नसलं तरी. त्यामुळे 'कुठवर आलं?' असे फोन येत नाहीत, आणि ते फोन घेण्यातही वेळ जातोच.

पॅकिंगबद्दल शेवटचं. बेसखाली लोहचुंबक, डब्याच्या तळाला पत्रा, पुतळ्याला वरून काहीही टेकलेलं नाही, बबल रॅप फक्त डब्याच्या बाहेरून. पार्सल सोमवारी टाकायचं, शनिवारी नाही. रविवारभर गोदामात पडून राहतं.