शिकवलेला ऑपरेटर टिकवायचा कसा?

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्याच्या छोट्या मशीन शॉपमधली जुनी तक्रार: आयटीआयवरून आलेलं पोरगं सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी मशीन) शिकतं आणि हजार-दोन हजारांसाठी शेजारच्या गेटात जातं. म्हणून शिकवायचंच नाही, हा उपाय अंगाशी येतो. वर्षभर मशीनवर नुसता जॉब (घडवायचा पीस) लावणारा-काढणारा माणूस कंटाळतो, आणि कंटाळलेल्याला हजार रुपयेसुद्धा लागत नाहीत.

शिफ्टची पहिली 10 मिनिटं यासाठी ठेवा. काल बाद झालेला एकच पीस टेबलावर घ्या. समजा 25.00 मिमीचा बोअर (पीसमधलं गोल भोक) 24.96 आलाय. बोअर गेज ऑपरेटरच्या हातात द्या, मोजू द्या त्यालाच. इन्सर्ट (कापणारं बदलतं टोक) झिजला की बोअर लहान येतो, म्हणून ऑफसेट (मशीनमध्ये भरायची मापाची दुरुस्ती) वाढवतात. पुढं नवा इन्सर्ट लावला आणि तो वाढवलेला ऑफसेट तसाच राहिला, तर बोअर उलट मोठा. हे त्याच्याच तोंडून यायला पाहिजे. 'कुणी काढला हा पीस?' हे मात्र विचारू नका. एकदा विचारलं की दुसऱ्या दिवसापासून बाद पीस टेबलावर येत नाहीत, भंगाराच्या पेटीत तळाशी जातात.

दुसरं, स्किल मॅट्रिक्स, म्हणजे कुणाला कुठली मशीन किती येते याचा तक्ता. उभी नावं, आडव्या मशिनी, प्रत्येक घरात चार भागांचं वर्तुळ: पाव म्हणजे शिकतोय, अर्धं म्हणजे देखरेखीखाली चालवतो, पाऊण म्हणजे एकट्यानं, पूर्ण म्हणजे दुसऱ्याला शिकवतो. बहुतेक ठिकाणी हा तक्ता ऑडिटच्या आदल्या रात्री ऑफिसात बसून रंगवतात, आणि पोरं त्याला हसतात. पाऊण भरण्याआधी सेटिंग त्याच्याकडून करून घ्या, सलग 5 पीस मापात आले तरच रंग भरा. पूर्ण वर्तुळाला भत्ता किती, ते तक्त्याशेजारीच लिहा. काम वाढलं आणि पगार तोच, असं झालं तर शिकणं म्हणजे शिक्षा वाटते.

ट्रेनिंग शिफ्टच्या वेळेतच घ्या. पैठण-गंगापूरकडून येणाऱ्याचं लक्ष सुटायच्या वेळी गाडीकडे असतं, फळ्याकडे नाही.

तीन महिन्यांनी कागदावर तीनच प्रश्न विचारा: नवीन काय शिकलात? ते वापरायला मिळालं का? चूक सांगायची भीती वाटते का? नाव तर नकोच. अक्षरावरूनही माणूस ओळखू येतो, म्हणून टिक करायला चौकोन छापा.