आजारपणातील पगारी रजा: ईएसआयचा भत्ता कसा मिळवावा

राज्य कामगार विमा योजनेत, म्हणजेच ईएसआयमध्ये, दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगारांची नोंद होते. अशा कामगाराला आजारपणात सरासरी दैनिक वेतनाच्या ७० टक्के भत्ता वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळतो, आणि तो मालकाकडून नव्हे, तर ही योजना चालवणाऱ्या ईएसआय महामंडळाकडून मिळतो.

खरी गोम पात्रतेच्या हिशेबात आहे. एप्रिल ते सप्टेंबर या काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी जमा असेल, तर पुढच्या जानेवारी ते जूनमधील आजारपणासाठी भत्ता मिळतो. ऑक्टोबर ते मार्चची वर्गणी जुलै ते डिसेंबरसाठी धरली जाते. म्हणून फेब्रुवारीत टायफॉइड झालेल्या कामगाराने जानेवारीची पगारपावती पाहून उपयोग नाही, मागील एप्रिल ते सप्टेंबरच्या पावत्या काढाव्यात. पगारातून वर्गणीचे ०.७५ टक्के कापले गेले म्हणजे ते भरलेही गेले, असे गृहीत धरू नये. विमा क्रमांकाने ईएसआयच्या पोर्टलवर वर्गणीचे महिनावार दिवस तपासावेत आणि ते कमी आढळल्यास, प्रकृती ठणठणीत असतानाच, मालकाकडे लेखी विचारणा करावी.

आजारी पडताच ईएसआयच्या दवाखान्यात किंवा नेमून दिलेल्या डॉक्टरकडे जाऊन दाखला घ्यावा, कारण भत्त्याचे दिवस दाखल्यावरून मोजले जातात. कामावर रुजू होण्यापूर्वी शेवटचा दाखला घेण्यास विसरू नये. पहिल्या दोन दिवसांचा भत्ता सहसा मिळत नाही. मात्र आधीचे आजारपण संपून पंधरा दिवस झालेले नसतील, तर ही अट लागू होत नाही. सरासरी दैनिक वेतन ६०० रुपये असलेला कामगार वीस दिवस आजारी राहिला, तर १८ दिवसांचे, रोज ४२० रुपयांप्रमाणे, ७,५६० रुपये होतात. भत्ता चालू असताना कामगाराला कामावरून काढता येत नाही.

प्रसूतीसाठी पूर्ण वेतनाइतका भत्ता २६ आठवडे मिळतो. दोन अपत्ये हयात असल्यास तो १२ आठवडे मिळतो.

घरच्या माणसाच्या आजारपणासाठी मात्र या योजनेत औषधोपचार आहेत, रजेचा भत्ता नाही, आणि ही उणीव मोठी आहे. आईच्या शस्त्रक्रियेसाठी थांबायचे असेल, तर स्वतःच्या साठलेल्या रजाच वापराव्या लागतात. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार, वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत (२०२५ च्या दुरुस्तीपूर्वी ही मर्यादा दहा होती) वर्षाला आठ पगारी नैमित्तिक रजा मिळतात, शिवाय २४० दिवस काम केल्यास दर वीस दिवसांमागे एक रजा जमा होते. रजेचा अर्ज लेखी द्यावा आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी.